मिठाला वास नसतो

थंडी पडली की बसडेपोतल्या माणसांचे पाय आपोआप सूपवाल्याच्या दुकानाकडे वळायचे. दुकान कसलं, डेपोच्या भिंतीला पाठ टेकून उभी असलेली एक लांबट खोली. पुढे टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि लाकडी जिना चढून वर गेलं की नवरा-बायकोच्या राहायच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात तिथे चहा-पाव मिळे आणि सूपवाला माश्या मारत बसे. पण खिडकीच्या काचा आतून घामेजायला लागल्या की माळ्यावरचं मोठं पातेलं खाली उतरायचं आणि मटणाचं, टोमॅटोचं ते झणझणीत लाल सूप सुरू व्हायचं. ते पिऊन ज्याचं नाक वाहणार नाही त्याचे पैसे परत, असं सूपवाला छाती ठोकून सांगायचा. अजून तरी कुणी मागायला आलं नव्हतं.

आता गंमत अशी, की ज्याच्या सुपासाठी माणसं थंडीत ताटकळत उभी राहायची, त्याच्या स्वतःच्या जिभेला चव म्हणून नव्हती. तरुणपणी घशात गाठ झाली होती. दवाखान्यात मशीनखाली झोपवून ती जाळली, आणि गाठ जाताना चवही बरोबर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती काही आली नाही. साखर आणि वाळू त्याला सारखीच. नाक मात्र शाबूत होतं. जिरं करपायला लागलंय, दालचिनी जास्त झालीय, मटण आजचं नाही कालचं आहे, हे तो दारातून सांगायचा. अडायचं फक्त एका ठिकाणी. सगळ्याला वास असतो, मिठाला नसतो.

तिथे त्याची बायको होती. शेगडीच्या उजव्या अंगाला तिचं स्टूल. सूपवाला पळीत थोडं सूप घ्यायचा, फुंकर मारायचा आणि मान न वळवता पळी उजवीकडे करायचा. ती चाखायची आणि निकाल द्यायची. "मीठ कमी आहे." नाहीतर, "आंबट चढलंय, कांदा परता अजून." सगळं मनासारखं झालं की नुसतं, "उतरवा." तिने उतरवा म्हटल्याशिवाय पातेलं बाहेर जायचं नाही, मग बाहेर ड्रायव्हर मंडळी टेबलं बडवून बेजार झाली तरी चालेल. चव न कळणारा आचारी म्हणजे आंधळा ड्रायव्हर. बाहेर कळलं तर गाडीत बसणार कोण? म्हणून ही गोष्ट घरातल्या तिघांतच राहिली, तो, ती आणि त्यांची लेक. एकांतात मात्र बायको त्याला सोडायची नाही. "माझ्याशी लग्न केलंत तेव्हा चव होती म्हणून बरं," ती म्हणायची. "नाहीतर लोक म्हणाले असते, बिचाऱ्याला कळलंच नाही."

हीच बायको आता विसरायला लागली होती.

सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, म्हणजे कुणीही विसरतं तसं. मग आंघोळ झाली की नाही ते. मग एक दिवस फोनवर लेकीशी गोड बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "बाई बोलायला छान होती, कोण हो ती?" सूपवाल्याने हे लेकीला सांगितलं नाही. पण परवा सकाळी ती झोपायच्या कपड्यांत, अनवाणी, डेपोत उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन बसली, ते काही लपवता आलं नाही. दर थंडीत रोज सुपाला येणाऱ्या एका ड्रायव्हरने तिला स्वतःच्या कोटात गुंडाळून आणलं. तिचे पाय निळे पडले होते.

"वहिनींना विचारलं, कुठे जायचंय," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाल्या, घरी."

लेक रजा टाकून आली. तिच्या शहरात अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था होती. जागा मिळाली होती, आणि ती आठवडाभरच राखून ठेवणार होते. जेवणं झाल्यावर तिने बापाला समोर बसवलं.

"बाबा, तुम्ही शेगडीपाशी, आई जिन्यावर. तुमचे डोळे कुठे कुठे पुरणार?"

"विसरते ती, मी कुठे नाही म्हणतोय? पण जीभ विसरत नाही. हे दुकान तिच्या जिभेवर चाललंय."

"चाललं होतं, बाबा."

"उद्या यंदाचं पहिलं पातेलं लावतो," सूपवाला म्हणाला. "चाखणार तुझी आईच. तू बाहेर गिऱ्हाइकासारखी बस. सूप जमलं, तर ती कामाची आहे. कामाचं माणूस घरातून कुणी काढत नाही."

"आणि नाही जमलं तर?"

पातेलं स्वच्छ होतं, तरी सूपवाला उठून ते पुन्हा घासायला लागला. घासता घासता म्हणाला, "तर मग तू म्हणशील तसं."

खरं सांगायचं तर पळवाट त्याच्या हातातच होती. इतक्या वर्षांत हाताला माप बसलं होतं. त्या पातेल्याला दोन मुठी मीठ. बायको सांगायची ते वरचं, चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे. दोन मुठी टाकून गप्प उतरवलं असतं तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. हे त्याच्या मनात आलं, आणि आलं तसं त्याला स्वतःचीच लाज वाटली. बायकोला स्टुलावर शोभेला बसवायचं आणि तिचं न ऐकता सूप उतरवायचं, म्हणजे लेकीचंच खरं, आणि तेही आपल्याच हातांनी. मग तिला संस्थेत ठेवली काय आणि स्टुलावर ठेवली काय?

सकाळी त्याने तिला खाली आणलं. स्वेटरची बटणं तिने एकाड एक लावली होती, ती सोडून नीट लावली. कमरेला एप्रन बांधला. ती खुशीत होती, स्टुलावर बसून पाय हलवत होती.

त्याने नळ्या आणि मटणाचे तुकडे चरबीत टाकले, चांगले तांबूस होईपर्यंत हलवले नाहीत. हलवलं की पाणी सुटतं आणि मटण भाजण्याऐवजी शिजतं. मग ते काढून त्याच चरबीत कांदा. आलं-लसूण घालायला त्याने हात उचलला आणि बाजूने आवाज आला.

"थांबा की. कांदा अजून कच्चा आहे."

सूपवाला जागच्या जागी थबकला. कांदा खरंच कच्चा होता. घाई त्याचीच झाली होती. त्याला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने कांद्यावर ढकललं.

मग जिरं, धणे, मिरी, सुकी मिरची, दालचिनीचा तुकडा. मग टोमॅटो, थंडीतले, कातडीला जाड आणि आंबट. ते आटून बाजूने तेल सुटेपर्यंत तो पळी फिरवत राहिला. मटण परत आत, वर उकळतं पाणी, झाकण. वरचा फेस काढत, आच कमी-जास्त करत दुपार होत आली. मटण हाडापासून सुटलं. बाहेर टेबलं भरली होती, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर लेक कोट न काढता बसली होती.

आता मीठ. त्याने मुद्दाम दीडच मूठ टाकलं. ढवळलं, पळी भरली, फुंकर मारली आणि उजवीकडे केली.

बायकोने चाखलं. जीभ टाळूला लावून आवाज केला, अगदी पूर्वीसारखा.

"मीठ कमी आहे."

सूपवाल्याला वाटलं, बाहेर जाऊन लेकीला ओरडून सांगावं. अर्धी मूठ कमी होती, आणि हिने बरोबर पकडली! त्याने राहिलेली अर्धी मूठ टाकली आणि पळी पुन्हा पुढे केली.

"मीठ कमी आहे."

असेल. टोमॅटो आंबट आहेत, आंबटाला मीठ जास्त लागतं. त्याने चिमूटभर टाकलं.

"मीठ कमी आहे."

तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. ती खिडकीकडे बघत होती. बाहेर एक बस मागे येत होती, आणि कुणीतरी हात हलवून तिला दिशा दाखवत होतं. सूपवाल्याचा हात मिठाच्या डब्यात गेला आणि तिथेच राहिला. हाताला माप माहीत होतं. हात सांगत होता, पुरे. पण उभ्या आयुष्यात त्याने स्वतःच्या हातापेक्षा तिच्या जिभेवर जास्त विश्वास टाकला होता. आजच्याच दिवशी उलट कसं करायचं? शिवाय कांद्याचं तिने बरोबर सांगितलं होतं. त्याने मूठ भरली.

"मीठ कमी आहे."

आणखी एक मूठ.

"मीठ कमी आहे."

बाहेर लोक टेबलं बडवायला लागले होते. "भाऊ, थंडी संपायच्या आत मिळेल ना?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. सूपवाल्याने पळी पुन्हा भरली, पण ती पुढे करण्याचं धाडस त्याला झालं नाही.

"अगं, उतरवू का?" त्याने विचारलं.

"उतरवा," ती म्हणाली.

ती आपलाच शब्द परत करते आहे, हे त्याला कळलं. न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. पण उतरवा म्हटलं होतं खरं. त्याने पातेलं उतरवलं.

पहिला वाडगा ड्रायव्हरचा. त्याने पाव मोडला, चमचा तोंडात घातला आणि थांबला. वाडग्यात बघितलं, गिळलं आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला. "आज जरा कडक झालंय, भाऊ," तो हळूच म्हणाला. पलीकडचा एकजण मोठ्याने म्हणाला, "भाऊ, समुद्र उकळलात की काय?" हशा पिकला. ड्रायव्हरने त्याच्याकडे असं बघितलं, की हसणं मध्येच थांबलं. मग माणसं पाव कोरडाच खायला लागली. पैसे परत कुणीच मागितले नाहीत. भरलेले वाडगे पुढे सरकवून, कोटाच्या कॉलर वर करून एकेकजण निघून गेला.

सूपवाला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एकट्या लेकीकडे बघत होता. ती खात होती. चमच्यामागून चमचा, न थांबता, लहानपणी औषध घ्यायची तशी. तिचे डोळे वाहत होते. तिने वाडगा पावाने पुसून घेतला, आत आणून मोरीत ठेवला आणि नळाला तोंड लावून पाणी प्यायली.

सूपवाल्याने शेवटची आशा केली. माणूस करतोच. "सगळं संपवलंस," तो म्हणाला. "म्हणजे जमलं ना?"

लेकीने आईकडे बघितलं. आई स्टुलावर बसून एप्रनच्या नाडीची गाठ सोडवत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आईचे गरम कपडे कुठल्या कपाटात आहेत?"

दोन दिवसांनी निघायचं ठरलं. त्याच ड्रायव्हरने आपल्या बसमध्ये पुढची खिडकीजवळची जागा धरून ठेवली. निघण्याआधी सूपवाल्याने बायकोला चहा दिला. तिला आवडायचा तसा गोडमिट्ट, आणि कप दोन्ही हातांत नीट धरायला लावला. तिने एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि त्याच्याकडे वळली.

"अहो, मीठ कमी आहे."

"हो गं," सूपवाला म्हणाला. "घालतो हं."

बसची पायरी ती त्याचा हात धरून चढली. तो खाली राहिला याचं तिला काही वाटलं नाही. खिडकीतून तिने हात हलवला, रस्त्यावरच्या कुणालाही हलवावा तसा. लेकीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि ती बापाकडे बघत नव्हती. सूपवाला बस वळेपर्यंत उभा राहिला, मग वळल्यावरही. त्याला आपण तिला हाकलून दिलं असं वाटत होतं, आणि तसं नाही म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं.

दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. ठेवलं असतं तरी वर त्या दोन खोल्यांत जाऊन काय करायचं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पातेलं चढवलं. नळ्या, कांदा, मसाले, टोमॅटो. दुपार होत आली तेव्हा दोन मुठी मीठ टाकलं, ढवळलं, पळी भरली, फुंकर मारली आणि उजवीकडे केली. पळी हवेत राहिली. तिच्यातला थेंब स्टुलावर पडला. त्याने तो हातातल्या फडक्याने पुसला आणि पातेलं स्वतःच उतरवलं.

माणसं बिचकत बिचकत आली. पहिला चमचा सगळ्यांनी जपूनच तोंडात घातला. मग चमचे वाजायला लागले, नाकं ओढली जाऊ लागली. त्या दिवशी समुद्र म्हणणाऱ्याने दुसरा वाडगा मागितला.

"आता कसं," ड्रायव्हर म्हणाला. तो परतीची फेरी करून थेट इथेच आला होता. "वहिनी गेल्या, आता कसलं सूप, असं वाटलं होतं. पण तीच चव, भाऊ. तसूभर फरक नाही."

बिचारा धीर द्यायला म्हणाला. सूपवाल्याने मान हलवली. म्हणजे तिची ती चिमूट कुणाला कळतच नव्हती. इतकी वर्षं दुकान त्याच्या मुठीवर चाललं होतं आणि त्याला वाटत होतं, तिच्या जिभेवर. हे लेकीला कधी सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

तो पळी घेऊन टेबलांमधून फिरत राहिला. कुणाचा वाडगा अर्धा झाला की न विचारता भरत होता आणि शेजारी थोडा वेळ जास्तच उभा राहत होता. गिऱ्हाइकांना वाटलं, कौतुक ऐकायला उभा राहतोय. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की यांतल्या एकाने तरी चमचा खाली ठेवावा आणि म्हणावं, मीठ कमी आहे.

कुणीच म्हटलं नाही. पातेलं तळापर्यंत संपलं.