लाभार्थी संख्या

तिने रकान्यात शून्य टाकलं. रकाना पुन्हा लाल झाला.

ही चौथी वेळ. पाच वाजता फाउंडेशनचा अर्ज बंद होणार होता आणि तिचं एकोणीस वर्षांचं काम एवढ्याशा चौकोनात अडकून बसलं होतं. यंदा अनुदान मिळालं नाही तर जुन्या पुलाच्या भिंतीवरच्या बावीस दगडफुलांची मोजणी थांबणार. वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढणारा जीव. त्याची नोंद मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली होती.

तिने मदतकक्षाला फोन लावला.

“शून्य चालत नाही, मॅडम,” पलीकडची मुलगी म्हणाली. “सगळ्या विषयांना एकच फॉर्म आहे. लाभार्थी लागतातच.”

“मी भिंतीवरची दगडफुलं मोजते. लाभार्थी कुठून आणू?”

“मसाल्यात घालतात ती?”

“त्यांची लांबची भावंडं.”

“मग मसालेवाले धरा की.”

तिने डोळे मिटून घेतले. “ही दगडावरून सुटतसुद्धा नाहीत गं.”

“सकाळी ताऱ्यांवाल्या सरांचा फोन होता. त्यांनी ‘अखिल मानवजात’ लिहिलं होतं. अक्षरं चालत नाहीत म्हटल्यावर आठशे कोटी टाकले.”

“घेतले?”

“घेतले ना. आता एकेकाचं वय विचारतोय फॉर्म. बसलेत बिचारे.”

“म्हणजे खोटं लिहू?”

“तसं मी कसं सांगू? पण कुणाला तरी होतच असेल ना उपयोग.”

मुलीच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ती जास्त चिडली. टोमण्यांची तिला सवय होती. धाकटा भाऊ भेटेल तेव्हा विचारायचाच, “ताई, भिंत काय म्हणते?” तिने फोन ठेवला आणि सगळा राग काढून पुन्हा एकदा शून्य टाकलं. लाल.

दारात चपला काढल्याचा आवाज आला. गवंडीकाका. एकोणीस वर्षांपूर्वी पुलाच्या डागडुजीला आलेला हा माणूस तारेचा ब्रश घेऊन भिंत घासायला निघाला होता. ती आडवी उभी राहिली होती. तासभर भांडण झालं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तोच भिंतीवर पारदर्शक कागद धरून एकेका दगडफुलाची कड पेन्सिलीने गिरवून आणत होता.

“बावीसच्या बावीस जैसे थे,” त्याने कागदांची गुंडाळी टेबलावर ठेवली. पोरं गाढ झोपली आहेत असं सांगावं, तसं समाधान होतं आवाजात. “सातव्याची कड एका बाजूने जरा सरकल्यासारखी वाटते. पण नक्की नाही. पुढच्या महिन्यात बघू.”

त्याच्या गुळगुळीत हनुवटीवर वस्तऱ्याने कापल्याची ताजी रेघ होती.

गेल्या महिन्यात त्याच्या सुनेचा फोन आला होता. “आई गेल्यापासून बाबा दाढीच करत नाहीत हो. पण पहिला सोमवार आला की सकाळीच आरसा मागतात. तेवढं काम चालू राहू द्या, बाई.” तेव्हा घाईत तिने “बघते” म्हणून फोन ठेवला होता.

पाचला दहा कमी. तिने शून्य खोडलं आणि एक टाकला.

रकाना हिरवा झाला. त्याखाली दुसरा उघडला: लाभार्थीचे वय.

“काका, वय काय तुमचं?”

“चौऱ्याहत्तर. का हो?”

“फॉर्मला हवंय.”

“भिंतीचं घाला. तिचं जास्त भरेल.”

तिसरा रकाना: लाभाचे स्वरूप, एका शब्दात. तिने क्षणभर त्याच्या हनुवटीकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘दाढी’.

रकाना लाल झाला नाही.

काका चपला घालता घालता थांबला. “मग पुढच्या पहिल्या सोमवारी येऊ ना, बाई? का फाउंडेशनचं उत्तर आल्यावर?”

“या,” ती म्हणाली, आणि मग पाठवायचं बटण दाबलं.