दगडासकट

दलासाने तो शिंपला तळहाताच्या फोडासारखा जपला होता. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात, तिच्या भाड्याच्या घरात, टीव्हीच्या जागी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, आणि टीव्ही बिचारा न्हाणीघराबाहेर भिंतीकडे तोंड करून पडला होता. टाकीत शिंपला एकटाच. कवचाबाहेर मांसाची निळी झालर पसरून बसला की दलासा त्याला गावच्या गोष्टी सांगायची.

एरूब बेटावर घरासमोरच्या खडकांत तिच्या नवऱ्याने, एलियाने, असे शिंपले ओळीने बसवले होते. तिथला नियम साधा होता. शिंपला हलवायचा तर दगडासकट, आणि त्यावरचं शेवाळ कधी खरवडायचं नाही. एलिया गेला. पाठोपाठ दलासाची मूत्रपिंडं गेली, आणि रक्त धुणारं मशीन बेटावर नाही म्हणून तिला इथे यावं लागलं. मग तिच्या भावाने, सेपोने, ओळीतला एक शिंपला दगडासकट विमानाने पाठवला. "येशील तेव्हा घेऊन ये. त्याची जागा रिकामी ठेवलीय," म्हणाला. टाकीच्या दुकानदाराने आधी घासून घ्या असं सुचवलं, तेव्हा दलासाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप मीठ मोजायला लागला.

आता शिंपला खंगत चालला होता. झालर आत ओढलेली, तोंड वासलेलं. मुलगी मेराब आली आणि तिने टाकीवर जाड चादर टाकली.

"त्यांना अंधार लागतो, अमा. थांब जरा."

चहा पिऊन झाल्यावर तिने चादर उचलली आणि बॅटरी मारली. शिंपल्याच्या ओठावर तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी बसल्या होत्या, सोंड त्याच्या मांसात खुपसून.

"आयत्या बिळावर नागोबा! कुठून आल्या मेल्या?"

"त्याच्याच बुडातून. मामानेच पाठवल्या, विमानात बसवून."

"रक्त पितात?"

"रक्तच म्हण."

"माझं मशीन निदान परत तरी देतं," दलासा म्हणाली आणि हसली. मग हसू ओसरलं. "काय करायचं?"

"दगडापासून सोडवायचा, घासायचा. दगड उन्हात टाकायचा, त्याला अंडी चिकटलीत."

"आणि परत नेताना?"

मेराबने बॅटरी बंद केली. "परत नाही नेता यायचा, अमा. या पाण्यातलं तिथे सोडलं, तर त्याच्याबरोबर काय काय जाईल कोण जाणे. बाबांची अख्खी ओळ मरेल."

दलासा त्या दिवशी जेवली नाही. गावच्या रीतीने कापडात गुंडाळून, फीत बांधून ठेवलेलं एलियाचं थडगं उघडायचा सोहळा शनिवारी होता. मेराब जाणार होती. दलासाला डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं. तिला घरी जायचं होतं, बस, एवढंच हवं होतं. शिंपला आहे तोवर जाणं नुसतं लांबलंय, असं ती धरून चालली होती.

सकाळी तिने स्वतःच पातं घेतलं. ओढलं तर शिंपला फाटतो. दगडाला धरलेले त्याचे तंतू तिने एकेक कापले. मग दात घासायच्या ब्रशाने त्याला घासलं. गावचं शेवाळ, गावची गुलाबी पुटं, सगळं घमेल्यात पडलं. दलासा मोठ्याने रडली. मेराबने तिला रडू दिलं.

दुकानातल्या फरशीच्या तुकड्यावर शिंपला बसवला. रोज चादर टाकून उरल्यासुरल्या गोगलगायी दोघींनी चिमट्याने वेचल्या. मेराब निघायच्या दिवशी झालर पुन्हा निळी पसरली होती. दलासाने पाण्यात हात घालून शिंपल्याला बोटाने हळूच ढोसलं. तो हलला नाही. नवे तंतू टाकून त्याने फरशी धरली होती.

"एवढ्यात?" ती त्याला म्हणाली. "लाज नाही वाटत?"

पत्र्यावर वाळत टाकलेला दगड पांढराफटक झाला होता. दलासाने तो स्वच्छ कापडात गुंडाळला, थडगं गुंडाळतात तशी वर फीत बांधली आणि मेराबच्या बॅगेत ठेवला.

"सेपोला सांग, ती जागा रिकामी ठेवू नको. दुसरा लाव तिथे. आणि हा बाबांच्या पायाशी ठेव."

"बाबांना काय सांगू?"

दलासाने बॅगेची चेन लावली.

"सांग, तुमचा नियम तिला पाठ आहे. पण या खेपेला नुसता दगडच येऊ शकला."