डाव्या हाताची निब

राजेश्वरीला पेनांचं वेड लागून अजून पुरते चार महिने झाले नव्हते. कामशेतच्या शाळेत शिकवणारी बाई ती. बेडसे गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत वारलेल्या वडिलांचं काळं शाईपेन सापडलं, आणि तिथून सुरुवात झाली.

वडील, हौशीराम, देहूरोडला लष्कराच्या डेपोत खोक्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायचे. डावखुरे. तीस वर्षं लिहून लिहून निबेचं टोक एका अंगाला झिजलेलं. राजेश्वरीनं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पेन मांजरासारखं ओरबाडत गेलं. रोज शाळेनंतर बसून मग तिला उमगलं, की पेन जरासं आत कलवलं की निब कागदाला लागते, आणि अक्षरं उतरतात ती वडिलांसारखीच, वाऱ्यानं कललेल्या भातासारखी. आईला, कस्तुराबाईला, वाचता येत नव्हतं. तरी कागद बघून म्हणाली, "ह्यो तर त्येंचाच हात." तेव्हापासून रोज दिवेलागणीला एक ओळ लिहायची, आईनं ती बघायची.

या छंदात तिला बोट धरून आणलं लोणावळ्याच्या गोपाळकृष्णकाकांनी. त्यांच्या बंगल्यावर महिन्यातून एका रविवारी पेनवाली मंडळी जमायची. राजेश्वरीनं पेन नळाखाली धरलं तेव्हा काका हसले होते, "अगं, ते भांडं नव्हे." म्हणून तर गेल्या महिन्यात आत वाळलेली शाई काढायला तिनं पेन त्यांच्याच हाती दिलं.

"काका, निबेला तेवढा हात लावू नका."

"वेडी का तू? वडिलांची खूण आहे ती."

आज मंडळी जमल्यावर काकांनी पेन तिच्यापुढं ठेवलं. तिनं सवयीनं आत कलवलं, लिहिलं. ओरबाडणं नाही, अडणं नाही. अक्षरं ताठ, गोल, फळ्यावरच्यासारखी. तिची स्वतःची.

"निब बदलली, काका?"

"छे, तीच. पुण्याच्या पेनांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर ठेवली होती. लोक लिहून बघत नि तोंडं वाकडी करत. मग घासली जरा. अर्ध्या तासाचं काम."

"तुमची म्हणून ठेवलीत?"

"टेबल माझं होतं ना, मग नावाची पाटीही माझीच. इतकं काय त्यात?"

बँकेतली सई मागून म्हणाली, "नशीब काढलंस बाई. आमच्या निबा काका वर्षवर्ष रखडवतात."

"तुम्ही शब्द दिला होता," राजेश्वरी म्हणाली.

"नवीन आहेस अजून. असली वाकडी निब कोण ठेवतं? उद्या तूच माझं नाव काढशील."

ती त्यांच्या बोटांकडं बघत राहिली. याच बोटांनी तिला पेन धरायला शिकवलं होतं. घासून गेलेलं टोक आता कुठून आणायचं? चहा न घेताच ती उठली.

घरी कस्तुराबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. "आलं का गं पेन? लिव की."

राजेश्वरीनं 'हौशीराम' लिहिलं. आईनं कागद उजेडाकडं धरला, लांब केला, जवळ आणला.

"ह्ये तू लिवलंस," ती म्हणाली. "आता त्येंच्या हातानं लिव."

"न्हाई येत आता, आई. तो हात घासून टाकला त्यांनी."

"कुनी?"

"काकांनी." मग थांबून म्हणाली, "मीच नेऊन दिलं."

आईनं कागद परत केला आणि सूप पुढं ओढलं.