नखाएवढा पिंपजीव

मित्रांनो, परळच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहणारा मी एक जुना डोलिओलम, म्हणजे पारदर्शक समुद्री जीव आहे. नखाएवढा, पिंपाच्या आकाराचा. दोन्ही टोके उघडी आणि अंगाभोवती स्नायूंची आठ पूर्ण कडी. ती आवळली की पाणी मागे सुटायचे आणि मी पुढे उसळायचो.

समुद्रात दया नव्हती. माझ्या शेजाऱ्याला कोळंबीच्या गणगोतातल्या एका मादीने धरले, आतून कुरतडून खाल्ले आणि त्याच्या पोकळ अंगात आपली पिल्ले ठेवली. मी निसटलो, तोच माणसांच्या बारीक जाळ्यात सापडलो आणि फॉर्मालिनमध्ये मेलो. पुढे कितीतरी मुलांनी मला भिंगाखाली पाहिले, माझे कौतुक केले. मग पडद्यावर रंगीत चित्रे आली आणि माझ्या बाटलीवर धूळ बसली.

यंदा तोंडी परीक्षेसाठी मला खाली काढले. समोर लालबागचा अभय होता.

"हा कोण?" उन्मेष सरांनी विचारले.

"जेलीफिश, सर."

"जेलीफिशला अशी कडी असतात?"

"पारदर्शक आहे म्हणून वाटलं. एक मिनिट बघू द्या ना."

"वर्षभर काय बघत होतास? लहानपणी याच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याचा आरंभ असतो. तुझ्यामाझ्याच संघातला आहे हा. पण तुझ्या घरी शिकलंय कोण, हे कळायला?"

मुले हसली. अभय म्हणाला, "सर, घरच्यांना मध्ये आणू नका." सरांनी त्याच्या थोबाडीत मारली.

अभयने दोन्ही हातांनी सरांना ढकलले. ते काचेच्या कपाटावर आदळले. कपाळ फुटले, बाटल्या खाली आल्या, माझीही फुटली. फॉर्मालिन सरांच्या डोळ्यांत उडाले आणि ते गुरासारखे ओरडले. अभयने पुन्हा मूठ उगारली. त्याच्याच वर्गातल्या नम्रताने त्याचे मनगट धरले.

"बस कर. त्यांचे डोळे जातील. धर त्यांना, नळाखाली ने."

त्याने मूठ सोडली. मग त्याने सरांच्या काखेत हात घातला आणि त्यांना नळाकडे नेले. रक्त आणि पाणी एकत्र वाहत होते. कुणीतरी टॅक्सी आणायला धावले.

मी काचांमध्ये सुकत पडलो होतो. सरांना नेल्यावर अभय खाली बसला. त्याने ओल्या कुंचल्याने मला अलगद उचलले आणि नव्या बाटलीत सोडले.

प्राचार्य पोलिसांना बोलावणार होते. डोळ्यावर पट्टी बांधलेले सर म्हणाले, "पहिला हात मी उचलला." अभयचे वर्ष मात्र गेलेच. सरांचा उजवा डोळा अजून धूसर आहे.

मित्रांनो, आम्ही फार मऊ असतो. आम्हाला चिमट्यात दाबू नका, कोरडे पडू देऊ नका. आणि कुणी आमचे नाव चुकीचे सांगितले, तर त्याला परत पाहू द्या. अभयने फक्त एक मिनिट मागितले होते.