सि-७

राजनंदिनीला प्रमुख शास्त्रज्ञ नेमल्याचं पत्र संचालकांनी बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती सिद्धारामनं. पोटात दुखत असलं की माणूस टाळ्या जरा जोरातच वाजवतो.

सीताफळ संशोधन केंद्रात त्याला अठरा वर्षं झाली होती. बालाघाटाचे डोंगर पालथे घालून त्यानं बावीस गावरान झाडं हुडकली होती. राजनंदिनी नांदूरघाटची, सात वर्षांपूर्वी आलेली. फुलाला कुंचल्यानं पराग कसा लावायचा, खुणेचा दोरा कसा बांधायचा, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. आता हैदराबादच्या संस्थेबरोबरचा पाच वर्षांचा प्रकल्प तिच्या हाती आला होता, आणि सिद्धाराम तिच्या हाताखाली.

ती पुढे कशी गेली हे त्याला कळत नव्हतं असं नाही. ती माती तपासणाऱ्याला विचारायची, कीड ओळखणाऱ्याला विचारायची, बांधावरच्या बायांनाही विचारायची, आणि शोधनिबंधावर सगळ्यांची नावं घालायची. सिद्धाराम नाक मुरडायचा. त्याच्या वह्या कपाटात आणि कपाटाची किल्ली खिशात. याला तो निष्ठा म्हणायचा. खरं तर आपलं कुणी घेऊन जाईल, या धास्तीनंच त्याची अठरा वर्षं गेली होती.

केंद्रात एक जुना रिवाज होता. झाड ज्यानं शोधलं, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर त्या झाडाला मिळायचं, आणि त्यानं बैठकीत सर्वांसमोर होकार दिल्याशिवाय त्या झाडाची कलमाची काडी कुणी कापायचं नाही. सिद्धारामचं सि-७ धर्मापुरीला मल्लम्मा नावाच्या शेतकरणीच्या बांधावर होतं. गर भरपूर, बिया मोजक्या, आणि फळ पिकल्यावर पाच दिवस टिकणारं. असं झाड साऱ्या केंद्रात दुसरं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर राजनंदिनीनं सिद्धारामकडे वळून त्याच झाडाचं नाव काढलं. "सर, सुरुवात सि-७ पासून करावी म्हणते. तुम्ही हो म्हणालात तर याच आठवड्यात काड्या आणू. पालवी फुटली की वर्ष वाया जाईल."

सिद्धारामच्या तोंडून निघून गेलं, "ते झाड वठलं. मागच्या उन्हाळ्यातच."

राजनंदिनीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "बरं सर."

चहा येईपर्यंत त्याला फार बरं वाटलं. मग भीतीनं घेरलं. कुणी धर्मापुरीला जाऊन पाहिलं तर? विचार करकरून त्यानं एक बेत रचला. आपणच काड्या आणायच्या, घरामागं कलमं करायची आणि दोन वर्षांनी नवीन शोध म्हणून सि-२३ पुढे करायचं, एकट्याच्या नावावर. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारा माणूस आता स्वतःच आकडा बदलायला निघाला होता.

रविवारी तो बांधावर पोहोचला. झाड निष्पर्ण उभं होतं, फांद्यांवरचे डोळे नुकते फुगू लागलेले. खोडाला पत्र्याची नवी पाटी होती. वर सि-७, खाली शोधक म्हणून त्याचं पूर्ण नाव, आणि तारीख. तारीख बैठकीच्या आदल्या दिवसाची होती.

"म्याडम लावून गेल्या," मल्लम्मा म्हणाली. "म्या म्हनलं, आल्याच हाव तर काड्या घिऊन जावा. तर न्हाई म्हनल्या. झाड सरांचं हाय, सर हो म्हनल्याबिगर हात लावायचा न्हाई. लई मान हाय साहेब तुमचा."

म्हणजे खोटं बोलताना तो जिच्याकडे पाहत होता, तिनं आदल्याच दिवशी हे झाड डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं चारचौघांत त्याला खोटं पाडलं असतं तर निदान तिच्यावर रीतसर चिडता आलं असतं. तिनं तेवढीही सोय ठेवली नव्हती. सिद्धारामनं पिशवीतून कात्री काढली आणि चाळीस काड्या कापल्या. काड्या गुंडाळून घरी नेलेलं ओलं पोतं रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

सोमवारी त्यानं ते पोतं राजनंदिनीच्या टेबलावर ठेवलं. एका फांदीला जीव होता, असं सांगायचं तो घोकून आला होता. तिनं पोतं उलगडलं, एक काडी नखानं खरवडून आतला हिरवा रंग पाहिला.

"झाड जगलं सर, बरं झालं," ती म्हणाली. "कलमं बांधायला तुम्ही बसा माझ्याबरोबर. तुमच्यासारखी गाठ अजून मला येत नाही."

दुपारपर्यंत दोघं रोपवाटिकेत शेजारी बसून कलमं बांधत होते. ती अधूनमधून त्याच्या हातांकडे पाहून गाठ सुधारत होती. सिद्धारामला वाटत होतं, तिनं एकदा विचारावं, खोटं का बोललात म्हणून. पदाचा हेवा त्यानं निवृत्तीपर्यंत निभावला असता. तिच्या या गप्प राहण्यातल्या मोठेपणाचा हेवा त्याला सोसवेना. चाळिसावं कलम बांधून झालं, तिनं हात धुतले, तरी तिनं काही विचारलं नाही.