टाचेची रेघ

माझ्या मुलीला शाळेत विचारलं, तुझे बाबा काय करतात? तिनं सरळ सांगून टाकलं, "बसतात." बाईंनी विचारलं, कुठे? "बाकावर," ही म्हणाली. वर्ग हसला, बाई हसल्या, आणि घरी येऊन तिनं तो किस्सा मला ऐकवला तेव्हा मीही हसलो. मग न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिलो.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. मी राखीव गोलकीपर. एकोणीस वर्षं, अकरा क्लब, आणि त्यातला बहुतेक काळ हातमोजे घालून दुसऱ्याचा खेळ बघण्यात गेला. पहिल्या गोलकीपरला ताप आला, त्याचं बोट मोडलं, त्याची बायको बाळंत झाली की माझी पाळी. एक हंगाम इथे, दीड हंगाम तिथे. खेळाडूंनी माझं नाव पाडलं होतं पाहुणा, आणि ते नाव नव्या क्लबात माझ्याआधी पोचलेलं असायचं. मुलगी दहा वर्षांची झाली तरी तिनं मला एकदाही मॅच खेळताना पाहिलं नव्हतं. मी खेळलो की नेमकी तिची परीक्षा, नाहीतर कांजिण्या, नाहीतर मॅच कुठेतरी लांबच्या गावी.

घरात मात्र आमचा खेळ चालायचा. भाड्याचं घर कुठलंही असो, त्याला एक अरुंद पॅसेज असतोच. सामान सोडायच्या आधी आम्ही बापलेक तिथे चपलांचा गोल करायचो. एका टोकाला तिची चप्पल, दुसऱ्या टोकाला तिच्या आईची. मी या चपलेपासून त्या चपलेपर्यंत पावलं मोजायचो, मध्यावर यायचो आणि टाचेनं फरशीवर रेघ ओढायचो. उमटायचं काहीच नाही, पण ओढायचो. ती मोज्यांचा गोळा करून मला मारायची. "आधी रेघ मार," असं कमरेवर हात ठेवून बजावायची आणि मगच फेकायची.

त्या रेघेचं नीट सांगायला हवं. गोलकीपरची पाठ सगळा वेळ गोलाकडे असते. पुढे धावलं, मागे सरकलं, गडबडीत खांब दिसेना, की मध्य कुठे ते कळायचं कसं? म्हणून मॅचआधी आठ ढांगांत गोल मोजायचा, चार ढांगा परत यायचं आणि टाचेनं गवत खरवडत सरळ पुढे एक रेघ काढायची. पंच काणाडोळा करतात. शेवटच्या क्लबातला मैदानाचा माळी मात्र माझ्या नावानं बोटं मोडायचा. "हिरवळ काय सासऱ्यानं आंदण दिलीय?" असं मी खेळलेल्या दर मॅचनंतर वाळूची बादली आपटत विचारायचा. आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की माहीत असते. दुसऱ्यानं मारलेली रेघ आपण वापरायची नाही. ज्याची डावी बाजू कच्ची असते तो स्वतःला सोयीचं म्हणून ती जरा डावीकडे मारतो. उजव्या बाजूचं तसंच. ती दुसऱ्याच्या पायातली चप्पल असते.

अडतिसाव्या वर्षी माझ्या गुडघ्यानं हात टेकले. हंगामातली शेवटची मॅच उरली होती. दोन्ही संघ मधल्या क्रमांकावर, जिंकून कुणी वर जाणार नव्हतं की हरून खाली येणार नव्हतं. शुक्रवारी प्रशिक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पाहुण्या, रविवारी तू उभा राहा. निरोप समज." मी मान डोलावली आणि थेट घरी फोन लावला. एकच चेंडू हवा होता मला. माझ्या लेकीसमोर मी एक चेंडू अडवावा, बस. बाकी निकाल काय लागायचा तो लागो.

रविवारी दोघी मोठ्या स्टँडमध्ये पाचव्या रांगेत होत्या. मुलीनं माझी जुनी पिवळी जर्सी घातली होती, ती तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होती. मी ढांगा मोजल्या, रेघ मारली, आणि वाट बघत उभा राहिलो. आता आमच्या संघाला त्याच दिवशी सुरसुरी यायची होती. सगळा खेळ पलीकडच्या गोलासमोर. पंचेचाळीस मिनिटांत चेंडू माझ्याकडे दोनदा आला, तोही आमच्याच माणसानं मागे दिलेला, आणि तो मी पायानं परत धाडला. म्हणजे बसलेल्या बापाऐवजी तिनं उभा बाप पाहिला, एवढाच काय तो फरक.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. मी पलीकडच्या गोलात गेलो आणि पहिल्यांदा पाचव्या रांगेकडे बघितलं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. कंटाळून गेल्या, मी म्हटलं. शिट्टी झाली तेव्हाही मी तिकडेच बघत होतो. खाली पाहिलं तर गवतात आयती रेघ होती, समोरच्या गोलकीपरनं मारलेली. मी तिच्यावर जाऊन उभा राहिलो. मोजलं नाही.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. चेंडू पुन्हा लांब गेला, खेळणारी माणसं लहान लहान झाली. उन्हं तिरपी होऊन माझी सावली रेघेवर आडवी पडली होती. वाटलं, मी एकाच गोलात एकोणीस वर्षं उभा आहे आणि माझ्यामागून गावं सरकत गेली. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, जिच्या खिडकीतून हॉस्पिटलच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. दार लावलं की आपोआप उघडणारं ते कपाट. सगळे पॅसेज एकाला एक जोडून एक लांबच लांब पॅसेज झाला होता, आणि त्यातून मोज्यांचे गोळे हळूहळू, पडायची घाई न करता माझ्याकडे येत होते. मी ते एकेक झेलत होतो. दुःखही होत नव्हतं. पाठीमागून माणसांचा गलबला येत होता. गोलामागे कुणी ना कुणी गोलकीपरच्या नावानं ओरडत असतोच, तिकडे कान द्यायचे नाहीत हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

दहा मिनिटं राहिली असताना त्यांचा एक जण एकटाच सुटला आणि त्यानं लांबून मारलं. माझ्या उजवीकडे, खालून. मी झेपावलो. आणि हवेत असतानाच मला माहीत होतं की हा आपला आहे. एवढ्या वर्षांत हाताला अंदाज येतो, तो चुकत नाही. चेंडू बोटांच्या पलीकडून गेला, खांबाला आतून लागला आणि जाळीत बसला. मी गवतावर गाल टेकून पडलो होतो. तिथून खांब दिसत होता, रेघ दिसत होती. रेघ डावीकडे होती. चांगलीच डावीकडे.

एक-शून्य. आम्ही हरलो. सगळ्यांनी हात मिळवले, प्रशिक्षकांनी पाठीवर थाप मारली, लोक पांगले. मी गोलात एकटाच हातमोजे सोडत उभा होतो.

"बाबा."

जाळीच्या मागे, कठड्याला लागून, पिवळी जर्सी उभी होती. शेजारी बायको, खांद्याला पिशवी.

"तू रेघ का नाही मारलीस?" मुलीचा आवाज पार बसला होता.

"तुम्ही गेलात ना? खुर्च्या रिकाम्या होत्या."

"इथे आलो. तिकडून तू एवढासा दिसत होतास."

"मध्यंतरात हट्टच धरून बसली, बाबाच्या पाठीमागे जायचं म्हणून," बायको म्हणाली. "आणि आल्यापासून बोंबलतेय. बाबा, ती त्याची रेघ आहे, तुझी मार. शेजारचे लोक विचारायला लागले, बाई, हिला काय झालंय?"

मला रडू आलं. लपवायचं सुचलंच नाही. भरलेल्या मैदानात मी चुकीच्या जागी उभा आहे हे एकाच माणसाला कळलं होतं. ते माणूस माझ्यामागे दहा पावलांवर होतं आणि मी कान बंद करून घेतले होते.

"रडू नको ना," ती म्हणाली. "आता मार."

तिला कठड्यावरून उचलून आत घेतलं. आठ ढांगा मोजल्या, चार परत आलो, टाच रुतवली आणि रेघ ओढली. ती दोन रेघांच्या मध्ये गुडघ्यांवर बसली आणि हाताची वीत टेकवत मोजू लागली.

"दीड वीत," ती म्हणाली. "तुला तो बॉल मिळाला असता."

"हो. मिळाला असता."

"मग मी बाईंना तसंच सांगते."

माळी वाळूची बादली घेऊन आला. आज त्यानं ती आपटली नाही. त्यानं ती पहिली रेघ वाळूनं बुजवली, वरून पाय फिरवला. मग आमच्या रेघेपाशी येऊन थोडा थांबला.

"ही उद्या बघतो," तो म्हणाला आणि बादली उचलून निघून गेला.