माउसला हात न लावता

आर्विडने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तो पडद्याकडे बघत बसला.

"अरे, हलव की माउस! चावत नाही तो," वेंडल म्हणाला. तळघराच्या जिन्यावरून कॉम्प्युटर खाली आणताना लागलेली त्याची धाप अजून ओसरली नव्हती.

"थांब जरा."

जुनी विंडोज जपणाऱ्यांच्या डलूथ शहरातल्या मंडळात दुरुस्तीला वेंडलचा हात सगळ्यात तयार. आर्विडचं विंडोज ९५ सुरू होतानाच अडकायला लागलं, तेव्हा तोच कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीला घरी घेऊन गेला होता.

"कोरं करकरीत केलंय. खोक्यातून नुकतं काढल्यासारखं. सगळा गाळ धुऊन काढला, म्हाताऱ्या! तुझी पत्रं, हेडीवहिनींचे फोटो आधी उतरवून घेतले आणि मग परत ठेवले. काळजी नको."

आर्विडने मान हलवली. वर स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरून गप्प झाला. पडद्यावरची चित्रं जागची हलली नाहीत.

"कशाची वाट बघतोयस?"

"काही वेळ हात लावला नाही, की अक्षरं सरकत यायची."

"स्क्रीनसेव्हर होय! ते फायलींत नसतं, ते विंडोजच्या आतच..." वेंडल अडखळला. "काय लिहिलं होतंस?"

"मी नाही, हेडीने. मी इथे बसलो की वर यायचं नाव घेत नसे. हाका मारून ती दमली, मग एकदा मी बाहेर गेल्याचं बघून लिहून ठेवलं. 'आर्विड, सूप गार होतंय.'" तो जरा थांबला. "ती गेल्यावरही अक्षरं आली की वर जायचो. नाहीतर जेवायचं राहूनच जातं."

वेंडलने डोक्यावरची टोपी काढली. "त्याच डिस्कवर नवं घातलं रे मी. जुनं काही उरलं नाही. विचारायला हवं होतं."

"मीच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

वेंडलने सरकत्या अक्षरांची चौकट उघडली आणि कीबोर्ड आर्विडपुढे सारला.

"तेच लिही. हुबेहूब तसंच दिसेल."

आर्विडची बोटं कीबोर्डवर बराच वेळ नुसतीच टेकून राहिली. मग त्याने सावकाश काहीतरी लिहिलं आणि हात पुन्हा मांडीवर घेतले. वेंडलनेही आपले हात काखेत घातले. दोघंही हलले नाहीत.

पडदा काळा झाला. उजवीकडून पांढरी अक्षरं सरकत आली.

'आलोच, हेडी. दोन मिनिटं.'